छोट्या कॅनचा वास

"वास येतोय. परत."

एवढं बोलून मी कॅनचं झाकण दाणकन बसवलं आणि वहीत गवळदऱ्याच्या नावापुढे फुली मारली. आठवड्यातली दुसरी फुली. धक्क्यावर उभ्या असलेल्या, त्या गावच्या दूध संस्थेच्या सचिव सगुणा डुबल माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"कसला वास, सायेब?"

"कुजका. काहीतरी सडल्यासारखा."

त्यांनी पदर खोचला, फरशीवर गुडघे टेकले, झाकण काढलं आणि नाक पार कॅनात घातलं. मग दुसरा कॅन, मग तिसरा. सगळे हुंगून झाल्यावर उठल्या.

"मला तर काय बी येत न्हाय वो."

"कसा येईल बाई? तुम्ही दिवसभर गोठ्यात. तुमच्या नाकाला सवय झालेली असते."

हे वाक्य मी बोललो. टेम्पोवाले, हमाल, इतर गावांचे सचिव असे वीस-पंचवीस लोक ऐकत असताना, मिशीवरून हात फिरवत बोललो. आज बावीस वर्षांनी ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. तीही डाव्या गालावर, कारण उजव्या बाजूचा यात काही दोष नव्हता.

मी दिनकर खबाले. तालुक्याच्या दूध शीतकरण केंद्रात तपासनीस होतो. गावोगावच्या दूध संस्थांचे टेम्पो सकाळी सातपासून धक्क्याला लागत. झाकण उघडायचं, पहिला श्वास घ्यायचा आणि पुढच्या क्षणी 'पास' किंवा 'परत' म्हणायचं, हे माझं काम. दुसऱ्या श्वासाला नाक फसतं. पहिलाच खरा. एकदा एका संस्थेच्या कॅनात कुणीतरी कधीकाळी रॉकेल ठेवलं होतं, ते मी तीन धुण्यांनंतरही ओळखलं. तेव्हापासून केंद्रात मला नाकसाहेब म्हणायला लागले. लोक चेष्टेनं म्हणत असतील, मी ती पदवी समजून मिरवत होतो. वासाच्या बाबतीत तपासनिसाचा शब्द शेवटचा, असा नियमही मीच मॅनेजर भोईटेसाहेबांकडून करून घेतला होता.

आमचे केमिस्ट परीट त्या दिवशी परीक्षानळी हातात घेऊन बाहेर आले. "खबालेसाहेब, मी उकळून बघितलं. फाटलं नाही. फॅट तर सगळ्यांपेक्षा चांगलं आहे."

"परीट, उकळून दूध आंबलंय का ते कळतं. कॅन कसा धुतलाय, गोठ्यात काय कुजतंय, हे तुमची नळी सांगते का?"

"नाही."

"मग?"

परीट आत गेले. सगुणाबाईंनी आठ कॅन परत टेम्पोत चढवले. त्यांच्या संस्थेचे कॅन छोटे होते, वीस लिटरचे. बाकी सगळ्यांचे चाळीसचे. गवळदरा डोंगराच्या कुशीत, तिथून टेम्पोच्या रस्त्यापर्यंत पाऊण तासाची उतरण, आणि सगळं दूध बायका डोक्यावरून खाली आणत. चाळीस लिटरचा कॅन डोक्यावर घेऊन कोण उतरणार? आमच्या धक्क्यावर मात्र या छोट्या कॅनांची पंचाईत व्हायची. मोठे कॅन रुळांच्या पट्ट्यावरून सरकत यायचे, त्यांचं तोंड अगदी माझ्या छातीशी. छोटे कॅन रुळांवर कलंडायचे, म्हणून ते खाली फरशीवर मांडायचे आणि मला त्यांच्यापुढे कमरेत वाकावं लागायचं. तेवीस बायकांच्या नव्या संस्थेपुढे रोज वाकायचं, याचाही थोडा राग माझ्या मनात होता. नव्हता म्हणालो तर खोटं होईल.

आता या नाकाची घरची कीर्ती सांगतो.

तीन-चार महिने मला सर्दी होती. साधी नाही, एका बाजूची. डावी नाकपुडी चोंदलेली, डाव्या गालात जडपणा, घशात मागून काहीतरी उतरतंय असं वाटायचं. मी वाफ घेत होतो, ओवा भाजून हुंगत होतो, आलं चघळत होतो. आणि घरात मला घाण वास यायचा. ताटावर बसलो की यायचा. बायकोला, शैलाला, मी विचारलं, "ही आमटी परवाची आहे का?" आमटी तासाभरापूर्वी चुलीवरून उतरलेली. तिनं हिंगाची डबी बदलली, मी तरी नाक मुरडलं. देवापुढे डोकं टेकवलं की यायचा, म्हणून मी देवघरातलं तूप टाकायला लावलं. बुटाच्या नाड्या बांधताना यायचा, म्हणून उंबऱ्याजवळ उंदीर मेलाय असं ठरवून कपाट सरकवलं, मोरीची जाळी उचकटली. उंदीर काही मिळाला नाही. मिळाली ती शैलाची दहा वर्षांपूर्वी हरवलेली जोडवी. त्याचंही श्रेय मी नाकाला दिलं.

सर्वांत मोठा पराक्रम एका लग्नात केला. शैलाच्या मामांच्या पाया पडायला वाकलो आणि वर येता येता बोलून गेलो, "मामा, पायाला काही झालंय का? वास येतोय." मामा जुने शाळामास्तर, दिवसातून दोनदा पाय घासून धुणारे. ते जेवायला आमच्या पंक्तीत बसले नाहीत. शैला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

"तुमची ती दाढ दाखवा एकदा डॉक्टरला," तिसऱ्या दिवशी ती एवढंच बोलली.

"दाढेचा इथं काय संबंध?"

दाढेचा इतिहास असा. वर्षापूर्वी वरची, डाव्या बाजूची, शेवटून दुसरी दाढ ठणकायला लागली होती. रात्र-रात्र कण्हत होतो. दात काढणाऱ्याकडे जायला मी घाबरत होतो, हे मी कुणाला सांगत नव्हतो. सगळ्यांना सांगत होतो की डॉक्टर लोक उगाच दात उपटतात. मी लवंग ठेवली, मिठाच्या गुळण्या केल्या, आणि महिनाभरानं ठणका आपोआप थांबला. मग काय, धक्क्यावर जो भेटेल त्याला लवंगेचा महिमा सांगायला लागलो. दोन टेम्पोवाल्यांनी माझं ऐकून लवंगा नेल्याही. दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली, यापलीकडे माझी अक्कल जात नव्हती.

शनिवारी सकाळी गवळदऱ्याचा टेम्पो आला तेव्हा सगुणाबाईंबरोबर आणखी एक बाई उतरल्या. साठीच्या आसपास, हातात त्यांचा स्वतःचा कॅन, वर पांढरं फडकं बांधलेलं.

"ह्या ठकूबाई," सगुणाबाई म्हणाल्या. "संस्थेत समद्यात जास्त दूध यांचं. आज समदे कॅन यांच्याम्होरं राखेनं घासल्यात, कढत पाण्यानं धुतल्यात, उनात पालथं घातल्यात. तुमी निवांत बघा, सायेब."

ठकूबाई पुढं झाल्या. "सायेब, माझी म्हस म्हैन्याखाली व्याली. दूध न्हाय गेलं तर तिला पेंड कशी घालू? आमच्या डोंगरात कोन दूध इकत घ्यायला येतंय? ज्याच्या त्याच्या दारात म्हस हाय."

"मी काय मुद्दाम करतो का, आजी? नियम आहे."

नियम असा होता की आठवड्यात तीन फुल्या पडल्या की त्या संस्थेचं संकलन महिनाभर बंद. हमाल हातातलं काम सोडून जवळ आले. परीटसुद्धा दारात येऊन उभे राहिले. मी कॅनपुढे वाकलो, झाकण उघडलं आणि पहिला श्वास घेतला.

वास आला. भपकन. इतका स्पष्ट की मला वाटलं, आता तर कुणालाही येईल. ठकूबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मला त्यांची दया आली, हे खरंच सांगतो. पण नाकापुढे दया कशी चालेल? मी सरळ झालो.

"वास येतोय. परत."

सगुणाबाईंनी भांडण केलं नाही. "सायेब, द्येव बगून घेईल," असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हैनाभर?"

"महिनाभर."

संध्याकाळी भोईटेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "खबाले, तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून केंद्राचं नाव टिकून आहे." मी घरी जाताना शीळ वाजवत होतो. शीळ नीट वाजेना, कारण डावा गाल जड झाला होता.

रविवारी तो गाल सुजला. सोमवारी सकाळी डोळा निम्मा झाकला गेला आणि शैलानं मला अक्षरशः दंडाला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मुजावर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी दाढेवर आरशाची दांडी हलकेच टकटक वाजवली, फोटो काढला आणि तो उजेडात धरला.

"काका, ही दाढ कधी दुखत होती?"

"वर्षापूर्वी. लवंगेनं बरी झाली."

"बरी नाही झाली, मेली. आतली नस मेली की ठणका थांबतो. पू थांबत नाही." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "वरच्या दाढांची मुळं इथपर्यंत जातात. त्यांच्या लगेच वर, गालाच्या हाडात पोकळी असते, सायनस म्हणतात ती. मध्ये कागदाएवढं पातळ हाड. तुमच्या दाढेनं ते पोखरलं. ही काळी दिसायला हवी ती जागा सगळी पांढुरकी दिसतेय ना? पू भरलाय. एकाच बाजूची सर्दी आहे का?"

"आहे."

"वाफ घेऊन जात नाही?"

"नाही."

"घाण वास येतो?"

"येतो. पण तो घरातून येतो. मोरीतून वगैरे."

"खाली वाकल्यावर येतो का?"

 उत्तर माझ्यामागे स्टुलावर बसलेल्या शैलानं दिलं.

"ताटावर वाकलं की येतो. देवापुढं वाकलं की येतो. नाड्या बांधताना येतो. आणि माझ्या मामांच्या पाया पडताना आला." तिचा आवाज चढत गेला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! मेला उंदीर तुमच्या डोक्यातच होता की हो!"

मॅडमना हसू आवरेना. "मान खाली गेली की पोकळीतला पू नाकात उतरतो, काका. दुसऱ्या कुणाला तो वास येत नाही. तुम्हालाच येतो."

त्या पुढे बरंच सांगत होत्या. आधी गोळ्या, सूज उतरल्यावर गुरुवारी दाढ काढायची, मग नाकाच्या डॉक्टरांनाही दाखवायचं, नुसती सर्दीची औषधं घेऊन हे कधीच बरं झालं नसतं. मी ऐकत नव्हतो. माझ्या डोळ्यांपुढे धक्का होता. रुळांवरून छातीशी येणारे मोठे कॅन, आणि फरशीवर मांडलेले आठ छोटे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी तेवीस बायकांना दिली होती. आणि चोर माझ्याच जबड्यात लवंग चघळत बसला होता.

"आता त्या बायांना सांगून या," रस्त्यावर आल्यावर शैला म्हणाली. धक्क्यावरची गोष्ट तिला माझ्याच तोंडून, फुशारकीनं सांगितलेली, माहीत होती.

"सांगतो. हा गाल घेऊन कुठं जाऊ? सूज उतरू दे."

मंगळवारी सूज उतरली. मी धक्क्यावर गेलो. एक टेम्पोवाला म्हणाला, "नाकसाहेब, तुमच्या भीतीनं आमच्या गावानं कॅन धुवायला नवीन ब्रश आणले." मी मान डोलावली. भोईटेसाहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा माघारी आलो. काय सांगणार होतो? साहेब, ज्या नाकावर केंद्राचं नाव टिकून आहे त्यात दाढेचा पू आहे? बुधवारी ठरवलं, दाढ निघाल्यावर सांगू. गुरुवारी दाढ निघाली. मॅडमनी टाके घातले आणि बजावलं की पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही. नाकसाहेबांना नाक शिंकरायची बंदी! शुक्रवारी, शनिवारी रजा टाकली. रविवारी उशीवर मान खाली घालून बघितली. वास नव्हता. सोमवारी शैलानं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "उद्या तुम्ही नाही गेलात तर मी जाते. आणि मी सांगेन ते मामांच्या पायांपासून सुरू करून सांगेन."

तेव्हा कुठं मी भोईटेसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसले आणि मग गवळदऱ्याचं संकलन सुरू करायच्या कागदावर सही केली. इतकं सोपं होतं ते. आठ दिवस मी ज्याला घाबरत होतो ते पाच मिनिटांत झालं.

मंगळवारी सकाळी मी गवळदऱ्याची चढण चढलो. खिशात सहीचा कागद आणि कागदाच्या पुडीत माझी दाढ. ती मी मॅडमकडून मागून घेतली होती. नुसतं बोलून बायका विश्वास ठेवतील असं मला वाटत नव्हतं. चढताना दोनदा बसलो. याच वाटेनं त्या रोज कॅन घेऊन उतरत होत्या.

संस्थेची खोली देवळाला लागून होती. दूध मोजायचं माप भिंतीला टांगलेलं, खाली आठ छोटे कॅन स्वच्छ धुऊन पालथे घातलेले. सगुणाबाईंनी हाक दिली तशा पंधरा-सोळा बायका जमल्या. मी उभं राहून सगळं सांगितलं. दाढ, लवंग, पू, वाकणं, मोठे कॅन, छोटे कॅन. मामांचे पायही सांगितले. मग पुडी उघडून पुढे धरली.

पुडी हातोहात फिरली. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी "आगं बया" म्हणालं. शेवटी ती सगुणाबाईंकडे आली. त्यांनी ती नाकाशी नेली, पहिला श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी माझ्याच सुरात म्हणाल्या,

"वास येतोय. परत."

आणि पुडी माझ्या हातात ठेवली. जो काही हशा उसळला तो सांगायची सोय नाही. एक म्हातारी तर भिंतीला धरून खाली बसली. मीही हसलो. खरं सांगतो, आठ दिवसांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. सुटलो, असं वाटलं.

"ठकूबाई, सायबास्नी च्या टाका," कुणीतरी म्हणालं.

ठकूबाईंचं घर खोलीच्या समोरच होतं. मी ओट्यावर बसलो. शेजारी गोठा होता. दावं खुंट्याला गुंडाळून ठेवलेलं, गव्हाण झाडून काढलेली, आणि आत कुणी नव्हतं. वाटलं, म्हैस चरायला गेली असेल.

ठकूबाईंनी कप आणून ठेवला. चहा कोरा होता.

"दूध न्हाय, सायेब. गूळ जास्त घातलाय."

"म्हैस?"

"इकली. गेल्या शुक्कारच्या बाजारात." त्या पायरीवर बसल्या. "रोज दूध गटारात वतायचं व्हय? निम्मं रेडकाला, निम्मं शेजारपाजारी वाटलं चार रोज. म्हैनाभर कुठनं पेंड घालायची? गिऱ्हाईक बरं मिळालं, दिली. रेडकू बी दिलं संगट. वरडत हुतं लई."

मी रिकाम्या गव्हाणीकडे बघितलं.  म्हणालो, "माझ्यामुळं झालं हे."

"तुमी काय मुद्दाम केलं व्हय? दाढ कुनाची बी किडती. कळल्याबरुबर एवढा डोंगुर चढून आलासा, दुसरा कोन आला असता?" त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि सहज विचारलं, "कवा कळलं म्हनं तुमास्नी?"

सोमवारी कळलं होतं. या नाही, त्या आधीच्या सोमवारी. बाजार शुक्रवारी होता. मधले चार दिवस मी गाल सांभाळत होतो.

ठकूबाई वाट बघत होत्या.

"काल," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "च्या घ्या. निवतोय."

कप काठोकाठ भरलेला होता, म्हणून तो मी उचलला नाही. ओट्यावर ठेवलेल्या कपाशी वाकून, मान पार खाली घालून तो कोरा चहा मी प्यालो. वास कसलाच आला नाही. नाक अगदी साफ झालं होतं.